दादाच्या पैशांचा फॉर्म १६ वहिनींच्या नावाने आलाय. विवरण कुणाचं नि कसं भरायचं?

रिवाइंडिंगवाला (सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, अशोक चौकाच्या पुढे. कॉइल जळाली तर वासावरून सांगतो कुठे जळाली, पण आयकराच्या कागदात काय जळालंय ते कळेना, म्हणून इथे विचारतोय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात विव्हिंग सुपरवायझर होता. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला पहाटे पहिल्या पाळीला निघाला, गाडीला किक मारता मारता ओट्यावर बसला तो बसलाच. एकोणीस वर्षं सात महिने नोकरी झाली होती. वहिनी घरी शाळेचे गणवेश शिवतात, पुतणी अकरावीला आहे. कागदपत्रांची सगळी धावपळ माझ्याकडेच.

पैशांच्या बाबतीत कारखान्याला नावं ठेवणार नाही. गड्ड्याची जत्रा झाली आणि फेब्रुवारीत सगळं वहिनींच्या खात्यात आलं. असं आलं:

नोव्हेंबरचा बारा दिवसांचा पगार २२,४००
रोखून ठेवलेला इन्सेन्टिव्ह १,४०,०००
११८ दिवसांच्या शिल्लक रजेचे १,६५,२००
ग्रॅच्युइटी ४,८४,६१५
मालकांनी आपणहून दिलेले २,००,०००

एकूण १०,१२,२१५. त्यातून ४५,४७० टीडीएस म्हणजे आयकर कापून बाकीचे जमा. पीएफ आणि विम्याचे सात लाख पीएफ ऑफिसकडून वेगळे आले. पेन्शनही सुरू झाली, महिना चार हजारांच्या आत.

इन्सेन्टिव्हचं जरा सांगतो, कारण घोळ तिथे असेल असं मला वाटतं. २०२३-२४ च्या कामाचे २,८०,००० ठरले, तसं पत्र जून २०२४ मध्ये दादाला मिळालं. निम्मे तेव्हाच दिले. निम्मे जून २०२५ मध्ये मिळणार होते, तेही तोवर नोकरीत असला तर. माणूस मध्येच सोडून जाऊ नये म्हणून ही युक्ती. पत्रात खाली एक ओळ आहे, कामगार मयत झाल्यास उरलेली रक्कम नॉमिनीला लगेच द्यावी. तशी दिली.

आता जूनमध्ये कारखान्यातून फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) आला, तो वहिनींच्या नावाने! पॅन वहिनींचा, नोकरीचा काळ १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५, आणि सोबतच्या पगारपत्रकात पदनाम ‘विव्हिंग सुपरवायझर’. वहिनी कागद हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मी कधी गेले हो कारखान्यात? डबा द्यायलासुद्धा गेटपर्यंतच.”

माझे प्रश्न. हे १०,१२,२१५ वहिनींचं उत्पन्न धरायचं का? दादाचं विवरण भरायचं का, माणूसच नाही तर? त्याच्या पगारातूनही एप्रिल ते ऑक्टोबर मिळून १४,३५० कापलेले आहेत, पगार महिना ५६,००० होता. आणि ते ४५,४७० परत मिळतील की गेले? मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढलीय म्हणून आत्ता ऑगस्टात जागा झालोय.

हिशेबनीस

एवढं काय त्यात? फॉर्म १६ आलाय ना, तसाच भरून टाका. कर कापलेलाच आहे, वर काही भरायचं नाही. नाहीतरी पन्नास हजारांवर बाहेरून आलेला पैसा गिफ्ट म्हणून टॅक्सेबलच असतो. उगीच उकरत बसाल तर नोटीस येईल.

सीए_ताई (नवी पेठ)

वरचा सल्ला कृपया ऐकू नका. पन्नास हजारांचं कलम ५६(२)(x) वारसा हक्काने आलेल्या पैशाला लागू नाही, आणि ग्रॅच्युइटी ही तर कायद्याने देणं असलेली रक्कम, ती भेट कशी होईल?

भाऊ, आधी मुळाचं बोलू. पगार हा शब्द लागायला मालक आणि नोकर असं नातं लागतं. वहिनींचं कारखान्याशी तसलं काही नातं नव्हतं. म्हणून त्यांच्या हातात आलेला एकही रुपया ‘त्यांचा पगार’ होत नाही, फॉर्म १६ वर काहीही छापलेलं असो. आता रकमा एकेक घेऊ.

ग्रॅच्युइटी. कलम १०(१०) मध्ये मृत्यूनंतर विधवेला, मुलांना किंवा अवलंबितांना मिळालेली ग्रॅच्युइटी स्पष्ट लिहिलेली आहे. मर्यादा वीस लाख. तुमचा आकडा मी उलटा लावून पाहिला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४२,००० असणार, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वीस वर्षं. एकोणीस वर्षांवर सात महिने म्हणजे सहा महिन्यांच्या वर, म्हणून वीस धरली. ४,८४,६१५ बरोबर येतात. पूर्ण माफ.

रजेचे पैसे. नोकरीत असताना माणूस गेला आणि शिल्लक रजेचा पगार वारसाला दिला, तर तो पगार म्हणून करपात्र नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं ३ जुलै १९८१ चं परिपत्रक ३०९ सांगतं. माफ.

मालकांचे दोन लाख. त्यासाठी २१ ऑगस्ट १९९० चं परिपत्रक ५७३ आहे. नोकरीत असताना मृत्यू झालेल्याच्या विधवेला किंवा वारसांना एकरकमी दिलेली सानुग्रह रक्कम उत्पन्नच नाही. या दोन परिपत्रकांची प्रिंट काढून ठेवा, कारखान्यात दाखवायला लागेल.

पीएफ आणि विम्याचे सात लाख यांच्याकडे बघूसुद्धा नका, तिथे काही देणं नाही.

उरले २२,४०० आणि १,४०,०००. बारा दिवस दादांनी काम केलं, तो पगार दादांचाच. इन्सेन्टिव्हही माझ्या मते दादांचा, कारण काम त्यांचं, आकडा ठरलेला आणि पत्र त्यांच्या हयातीतलं. देणं पुढे ढकललं म्हणून कमावणारा बदलत नाही. दोन्ही दादांच्या विवरणात घ्या.

आणि हो, माणूस गेला तरी त्याचं विवरण भरायचं असतं. १ एप्रिल २०२४ ते १२ नोव्हेंबर २०२४ एवढ्या काळाचं, वारस म्हणून वहिनी भरतील. हे कलम १५९. तुमच्याच आकड्यांवरून बघा. सात महिन्यांचे ३,९२,०००, बारा दिवसांचे २२,४००, इन्सेन्टिव्हचे दोन्ही हप्ते २,८०,०००. एकूण ६,९४,४००. नव्या कर पद्धतीत प्रमाणित वजावट ७५,०००, तीही पूर्ण मिळते, अर्धं वर्ष म्हणून अर्धी होत नाही. राहिले ६,१९,४००. २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंत कलम ८७ए ची करसवलत आहे, म्हणून कर शून्य. म्हणजे दादांच्या पगारातून कापलेले १४,३५० सुद्धा परत येतात. विवरण भरलं नसतं तर तेवढे सोडून दिल्यासारखंच होतं.

आयकराच्या पोर्टलवर वहिनींच्या लॉगिनने ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’मध्ये जाऊन ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह’ करा, त्यात मृताचा वारस हा प्रकार निवडा. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा एक पुरावा लागतो. कोर्टाचा वारस दाखलाच हवा असं नाही. दादांच्या खात्याला वहिनी नॉमिनी किंवा जोडखातेदार असतील, तर बँकेचं तसं पत्र, लेटरहेडवर सही-शिक्क्यासह, चालतं. लोक वारस दाखल्यासाठी महिनोन्महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि विवरणाची तारीख जाते, म्हणून मुद्दाम सांगतेय.

वहिनींचं विवरण वेगळं. त्यात पेन्शन ‘इतर स्रोत’ या सदरात दाखवायची, पगारात नाही. त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांत जे कमी ते वजा, नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून २५,००० झालेत, जुन्या पद्धतीत अजून १५,०००. गणवेश शिवण्याचे पैसे येतात म्हणालात, तर आयटीआर-१ हा विवरणाचा फॉर्म चालणार नाही, तो व्यवसाय झाला. आयटीआर-४ भरा. ग्रॅच्युइटी, रजा आणि सानुग्रह या रकमा करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात लिहा, लपवू नका. पोर्टलला फॉर्म १६ वरचा आकडा दिसतोय, तुमच्याकडून काहीच दिसलं नाही तर तो प्रश्न विचारणारच.

४५,४७० कापले कसे तेही बघितलं. १०,१२,२१५ मधून ७५,००० वजा करून स्लॅब लावले आणि वर चार टक्के उपकर, बरोबर तेवढेच येतात. सॉफ्टवेअरने गणित चोख केलंय, फक्त माणूस चुकवलाय.

टाइम_ऑफिस_निवृत्त

मालक, मी एका गिरणीत टाइम ऑफिसला चौतीस वर्षं काढली. तुमच्या कारखान्यात काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. माणूस गेला की पेरोलमध्ये त्याच्या कोडावर ‘लेफ्ट’ मारतात. मग तीन महिन्यांनी हिशेब द्यायची वेळ येते, तेव्हा तो कोड उघडत नाही. पोरगं नवीन असतं. ते काय करतं, नॉमिनीच्या नावाने नवा कोड काढतं, जुन्या माणसाचं पदनाम कॉपी होऊन येतं आणि सगळ्या रकमा ‘अर्निंग’मध्ये टाकून देतं. रजा काय, ग्रॅच्युइटी काय, यंत्राला सगळं सारखंच. यात कुणाच्या मनात खोट नसते, पण बाईमाणसाच्या हातात असला कागद गेला की काय वाटतं ते मी पाहिलंय.

म्हणून भांडायला जाऊ नका. लेखी अर्ज द्या, वहिनींच्या सहीने, पोच घ्या. अर्जात एवढंच मागा की चौथ्या तिमाहीचं २४क्यू, म्हणजे पगारातल्या टीडीएसचं कारखान्याने सरकारला दिलेलं विवरण, दुरुस्त करा. २२,४०० आणि १,४०,००० दादांच्या पॅनवर न्या, बाकी रकमा करपात्र नाहीत असं दाखवा. ‘फॉर्म १६ बदलून द्या’ असं म्हणालात तर ते वर्डमध्ये नाव बदलून प्रिंट देतील, सरकारकडे जुनंच राहील. शब्द ‘२४क्यू’ आणि ‘करेक्शन स्टेटमेंट’ हेच वापरा.

ताईंशी एका ठिकाणी माझं जमत नाही. इन्सेन्टिव्हचा दुसरा हप्ता जून २०२५ ला नोकरीत असला तरच मिळणार होता. म्हणजे १२ नोव्हेंबरला सकाळी दादांचा त्यावर हक्क नव्हता. हक्क तयार झाला तो मृत्यूने, आणि थेट नॉमिनीचा. आमच्याकडे असल्या रकमा आम्ही घेणाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’ समजायचो.

सीए_ताई (नवी पेठ)

काका, तुमचा मुद्दा कच्चा नाही. पत्राची भाषा वाचूनच ठरवावं लागतं. ‘देय झाली, नंतर देऊ’ असं असेल तर दादांची, ‘नोकरीत राहिल्यास मिळेल’ असं असेल तर तुमच्यासारखं म्हणता येतं. या केसमध्ये मात्र दोन्हीकडून कर शून्यच. वहिनींकडे धरले तरी १,४०,०००, थोडी पेन्शन आणि शिवणकाम मिळून त्या तीन लाखांच्या खालीच राहतात. फक्त एकाच ठिकाणी दाखवा. दोन्हीकडे दाखवून ‘सेफ’ होऊ म्हणणारे भेटतात, आणि दोन्हीकडे न दाखवणारे त्याहून जास्त.

मी तरीही दादांकडेच घेईन. कारखाना दुरुस्ती करणारच असेल तर बारा दिवसांच्या पगारासोबत ही रक्कम एकाच पॅनवर जाईल आणि कागद जुळतील.

पार्क_चौक_९

मी या वाटेने गेलेय म्हणून दोन गोष्टी सांगते, कुणी सांगत नाही.

एक, दादांचं सिम बंद करू नका. आमच्याकडे मुलाने महिन्याभरात यांचा नंबर सरेंडर केला, ‘कशाला रिचार्ज’ म्हणून. नंतर कळलं की बँक, आधार, पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर. सहा महिने हेलपाटे घातले. पॅनही रद्द करायची घाई करू नका, आधी विवरण आणि रिफंड होऊ द्या.

दुसरं, पेन्शनवर ७५,००० ची वजावट घेऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी ओळखीच्या एकाने ‘पेन्शन म्हणजे पगारच’ म्हणून तेव्हाची प्रमाणित वजावट घेतली. ती निवृत्त माणसाला त्याच्या स्वतःच्या पेन्शनवर मिळते. विधवेच्या कुटुंब पेन्शनला ताईंनी सांगितलेली छोटी वजावट. ६,००० भरावे लागले, व्याज वेगळं.

वहिनींना सांगा, विव्हिंग सुपरवायझरचा कागद फाडू नका. राग येतो, पण दुरुस्तीच्या अर्जाला तोच जोडावा लागेल.

हिशेबनीस

बरं, माझं चुकलं. पण वारसावर दादाचं कर्ज येत नाही ना, कर निघाला तर?

सीए_ताई (नवी पेठ)

दादांच्या मालमत्तेतून वारसाकडे जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी, कलम १५९ मध्येच आहे. स्वतःच्या शिलाई मशीनवर येत नाही.

रिवाइंडिंगवाला (सोलापूर)

मंडळी, झालेलं सांगतो, नाहीतर सल्ला घेऊन गायब होणाऱ्यांतला म्हणाल.

सोमवारी दुकान पोराच्या हवाली करून कारखान्यात गेलो. काका म्हणाले तसं, अगदी तसंच निघालं. अकाउंटला एक पोरगं आहे, दादाने गेल्या वर्षी त्याला टॉवेलचा जोड दिला होता म्हणे बहिणीच्या लग्नात. स्क्रीन फिरवून दाखवली. दादाच्या कोडापुढे ‘लेफ्ट १२/११’, खाली वहिनींचा नवा कोड. “दादा, सिस्टीम जुना कोड घेईना,” म्हणाला. दोन्ही परिपत्रकं समोर ठेवली. ५७३ त्याने दोनदा वाचलं, फोटो काढला. दुसऱ्या एका बाईचाही हिशेब मार्चमध्ये असाच केलाय म्हणाला, जुन्या विभागातला मयत जॉबर (मुकादम). त्यांच्या घरी कुणी विचारलंही नाही. तिचंही दुरुस्त करतो म्हणाला. मी त्याच्याकडून तिचा नंबर घेतला नाही, पण काकांचा अर्जाचा मसुदा तिच्यासाठी ठेवून आलो.

करेक्शन टाकायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. तोवर वहिनींच्या एआयएसमध्ये (पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक) त्या रकमेवर ‘माहिती पूर्ण बरोबर नाही’ असा अभिप्राय टाकलाय. बँकेचं पत्र मिळालं, मॅनेजरांनी आधी ‘असलं पत्र आम्ही देत नाही’ म्हटलं, पोर्टलवरची यादी मोबाइलवर दाखवली तेव्हा टाइप करून दिलं. वारस नोंदणी झाली, मंजुरी यायची आहे. वहिनींचं बँक खातं रिफंडसाठी पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट, म्हणजे पडताळून, ठेवलंय.

इन्सेन्टिव्ह दादाकडेच घेतोय. पत्र परत वाचलं, वर ‘आपल्या २०२३-२४ मधील कामाबद्दल’ असं आहे. वहिनींना विचारलं कुणाच्या नावाने दाखवू, त्या म्हणाल्या, “रात्रपाळ्या कुणी केल्या त्याच्या.”

पार्क चौक ताई, सिम चालू आहे. दादाचा फोन वहिनींनी देवघराशेजारच्या प्लगला लावून ठेवलाय, मी समजत होतो आठवण म्हणून. काल नोंदणीच्या वेळी त्यावर ओटीपी आला तेव्हा पुतणीने तो वाचून दाखवला, आणि चार्जरची वायर सैल झाली होती ती मी जाताना बदलून आलो.